रक्तदाब चढतो, डोके ठणकते, दिसेनासे होते: ‘प्रेस’ या मेंदूच्या आजाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘प्रेस’ म्हणजे नेमके काय?

पोस्टेरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम हे त्याचे पूर्ण नाव. डॉक्टर बोलताना ‘प्रेस’ म्हणतात आणि डिस्चार्ज कार्डावरही बहुधा तेवढेच लिहिलेले असते. रक्तदाब अचानक चढला, किंवा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाली, की रक्तातले पाणी मेंदूच्या पेशींभोवती झिरपते आणि तिथे सूज येते. ही सूज बहुतेक वेळा मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीचे काम सांभाळणाऱ्या भागात असते. त्यामुळे डोकेदुखी, अंधूक दिसणे, गोंधळल्यासारखे वागणे आणि झटके (फिट येणे) ही चार लक्षणे काही तासांत किंवा एकदोन दिवसांत, कधी एकत्र तर कधी एकामागून एक दिसू लागतात.

१९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १५ रुग्णांच्या नोंदींवरून या आजाराचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात गरोदरपणातले झटके, मूत्रपिंडाच्या आजारामुळे भडकलेला रक्तदाब आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण होते. आजही रुग्ण प्रामुख्याने याच तीन गटांतून येतात.

सूज मागच्याच भागात का येते?

शरीराचा दाब खालीवर झाला तरी मेंदूतला रक्तप्रवाह सारखा राहावा, म्हणून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात. निरोगी माणसात सरासरी दाब (खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश) साधारण ६० ते १५० मिमी असेपर्यंत त्यांना हे जमते. २२०/१३० या आकड्याचा सरासरी दाब १६० च्या आसपास येतो. तिथे ही व्यवस्था कोलमडते आणि भिंतींमधून पाणी झिरपू लागते. पुढच्या भागातल्या रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या चेतातंतूंचे जाळे दाट असते, मागच्या भागात ते विरळ असते. म्हणून मागची बाजू आधी हार मानते. तरीही सूज फक्त मागेच असते असे समजू नये. कपाळामागचा भाग, लहान मेंदू आणि मेंदूचे खोड इथेही ती आढळते.

रक्तदाब किती झाला की हा आजार होतो?

या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही, आणि निदान चुकते ते बहुतेक इथेच. ज्याचा दाब वर्षानुवर्षे १७०/१०० असतो, त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या जाड होऊन त्या दाबाला सरावलेल्या असतात. त्याला २००/११० वरही काही होणार नाही कदाचित. उलट, गरोदरपणापूर्वी १००/६० दाब असलेल्या विशीतल्या मुलीला १५०/१०० सुद्धा फार आहे. सहा वर्षांच्या मुलाचा वरचा दाब साधारण १०० च्या आसपास असतो. त्याला १४०/९० म्हणजे तातडीची परिस्थिती.

म्हणून रुग्णालयात ‘आत्ता किती आहे’ यापेक्षाही ‘आधी किती असायचा’ ही माहिती मोलाची ठरते. आणखी एक: जवळपास पाचात एका रुग्णाचा दाब त्या वेळी सामान्य किंवा किंचितच वाढलेला आढळतो. केमोथेरपी, प्रत्यारोपणाची औषधे किंवा रक्तातला गंभीर जंतुसंसर्ग रक्तवाहिन्यांच्या अस्तराला थेट इजा करतात, त्याला दाब लागतोच असे नाही. ‘बीपी नॉर्मल आहे, म्हणजे प्रेस नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

डोळ्यांना नेमके काय होते?

रुग्ण ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’, ‘चमकतंय’, ‘अर्धंच दिसतंय’ असे सांगतात. काहींना नसलेले रंग किंवा आकृत्या दिसतात, काहींना पूर्ण दिसेनासे होते. डोळा मात्र शाबूत असतो. बॅटरीचा प्रकाश टाकला की बाहुली नेहमीसारखी लहान होते, कारण बिघाड डोळ्यात नसून मेंदूत आहे. त्यामुळे नुसता डोळा तपासला तर सगळे ठीक वाटू शकते आणि रुग्णाला चष्म्याचा नंबर तपासून घरी पाठवले जाण्याचा धोका असतो.

घरी करता येण्याजोगी एक साधी तपासणी आहे. रुग्णासमोर बसा, त्याला तुमच्या नाकाकडे पाहायला सांगा आणि स्वतःचे दोन्ही हात बाजूला पसरून एकेका बाजूची बोटे हलवा. एका बाजूची हालचाल त्याला कळत नसेल, बोटे मोजता येत नसतील, किंवा दिसत नसूनही ‘मला दिसतंय’ असे तो ठामपणे म्हणत असेल, तर नेत्रतज्ज्ञाची वेळ घेण्यात दिवस घालवू नका. थेट एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

झटका आला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे?

घड्याळ बघा. रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड द्या, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, जवळच्या टणक वस्तू दूर करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा सुरू झाला, तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते.

आयुष्यातला पहिलाच झटका असेल तर तो एका मिनिटात थांबला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जायलाच हवे. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. प्रेसमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांना झटके येतात आणि कित्येकदा निदानाची सुरुवातच तिथून होते.

हा पक्षाघात कशावरून नाही?

घरी बसून हे ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. पक्षाघातात बहुधा क्षणात तोंड वाकडे होते, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो, वाचा जाते. प्रेस तासातासाने चढत जाते, दृष्टी दोन्ही बाजूंनी बिघडते आणि झटके जास्त येतात. पण अपवाद भरपूर आहेत. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून वाट पाहणे परवडत नाही. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ कागदावर लिहून घ्या.

डॉक्टरांना इतरही शक्यता तपासाव्या लागतात: मेंदूज्वर, मेंदूतला रक्तस्राव, साखर एकदम कमी होणे, आणि बाळंतिणीच्या बाबतीत विशेष करून मेंदूच्या शिरांत गुठळी होणे. या शेवटच्या आजारातही डोकेदुखी, झटके आणि अंधूक दृष्टी असते, पण उपचार वेगळा. म्हणून बाळंतिणीचा एमआरआय करताना शिरांचे चित्रणही करून घेतात.

गरोदरपणात कोणत्या खुणांवर लक्ष ठेवायचे?

विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला की त्याची दखल घ्यायची. १६०/११० म्हणजे तासाभराच्या आत औषध सुरू व्हायला हवे. आकड्यांसोबत या तक्रारी असतील तर आणखी घाई: कपाळाशी किंवा मानेमागे न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, उलट्या, लघवी कमी होणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे. पोटातल्या त्या दुखण्याला ‘पित्त’ समजून अँटासिड देण्याची चूक वारंवार होते. पावलांवरची थोडी सूज अनेक गर्भवतींना असते. तेवढ्याने घाबरायचे कारण नाही.

झटका आलेल्या गर्भवतीच्या मेंदूचा एमआरआय केला तर बहुतेक वेळा प्रेसचेच चित्र दिसते. इथले मुख्य औषध मॅग्नेशियम सल्फेट. पुढच्या रुग्णालयात पाठवण्याआधी आरोग्यसेविकेनेही पहिला डोस द्यावा, अशी सरकारी मार्गदर्शक सूचना आहे: ५० टक्के द्रावणाचे ५-५ ग्रॅम, म्हणजे १०-१० मिलि, दोन्ही कुल्ल्यांवर स्नायूत खोलवर. रुग्णालयात त्याआधी ४ ग्रॅम शिरेतून सावकाश देतात आणि नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून एकेका कुल्ल्यावर. प्रत्येक पुढच्या डोसपूर्वी तीन गोष्टी बघायच्या असतात: गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला किमान ३० मिलि होते का. यातली एक जरी गोष्ट नसेल तर डोस थांबवतात, कारण मॅग्नेशियम साठले की श्वास बंद पडू शकतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम हाताशी तयार ठेवायचे असते. रुग्ण स्थिर झाली की प्रसूती हाच खरा उपाय.

बाळंतपण सुखरूप झाले, मग धोका टळला ना?

नाही. रक्तदाब प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढतो, आणि नेमके त्याच सुमारास बाळंतीण घरी आलेली असते. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात, पण काही जणींना आठवडाभराने किंवा त्यानंतरही येतात. सहा आठवड्यांपर्यंत सावध राहायला हवे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. तपासण्यांची फाइल सासरच्या गावी, डॉक्टर तिसरेच, आणि बीपीच्या गोळ्या ‘आता मोकळी झाली’ म्हणून बंद. ही साखळी तोडायला हवी. गरोदरपणाचे सगळे कागद सोबत असू द्यावेत आणि गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नयेत.

बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, तिला दिसेना, फिट आली, तर त्याला ‘बाळंतवात’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून धुरी, अंगारे यांत तास घालवू नका. आधी बीपी मोजा. बरोबरच्या औषधांचाही विचार करा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्याचे मिथाइलअर्गोमेट्रिन दाब वाढवते, म्हणून ज्यांचा दाब चढलेला आहे त्यांना ते टाळतात. दूध बंद करण्यासाठीची ब्रोमोक्रिप्टीनसारखी गोळी, आणि सर्दीच्या गोळ्यांमधले फेनिलेफ्रिन, हेही याच यादीत.

लहान मुलांना हा आजार होतो?

होतो, आणि त्याचे मूळ बहुधा मूत्रपिंडात असते. घसा दुखल्यानंतर एकदोन आठवड्यांनी, किंवा अंगावर पिकलेले फोड येऊन गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी, काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी पापण्या फुगतात, लघवी कमी होते आणि तिचा रंग चहासारखा होतो. पालक चेहऱ्याची सूज बघतात, पण दाब कोणी मोजत नाही. मग एक दिवस मूल डोके धरून बसते, ओकते, फिट येते, आणि मेंदूज्वराचे निदान करून उपचार सुरू होतात. लहान मुलाचा दाब मोजायला लहान पट्टा लागतो. मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा खोटा, कमी दिसतो. झटका आलेल्या कोणत्याही मुलाचा बीपी मुलांच्या पट्ट्याने मोजला का, हे पालकांनी विचारायला अजिबात संकोचू नये.

मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. टॅक्रोलिमसमुळे प्रेस होऊ शकते का?

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दोन्ही औषधांमुळे होऊ शकते, आणि रक्तातली पातळी ठरलेल्या मर्यादेत असतानाही. बोटांना कंप, नवीन डोकेदुखी, झोप उडणे या आधीच्या खुणा असू शकतात. रक्तातले मॅग्नेशियम कमी असेल तर धोका वाढतो. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने वाढवतात. त्यामुळे साध्या नायटा-गजकर्णासाठीही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ‘प्रत्यारोपण झाले आहे’ हे आधी सांगा. पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी, आदल्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचे. गोळी घेऊन दिले तर आकडा फसवतो.

संशय आला तरी गोळी मनाने बंद करू नका, कारण नवे मूत्रपिंड शरीर नाकारू शकते. औषध कमी करायचे की बदलायचे, हा निर्णय प्रत्यारोपण केंद्राचा.

डायलिसिसच्या रुग्णांनी काय सांभाळायचे?

पाणी, मीठ आणि वेळापत्रक. लग्नकार्यासाठी, गावी जाण्यासाठी डायलिसिसची एक पाळी चुकवली, वर पापड-लोणची खाल्ली, की दोन डायलिसिसमधले वजन तीन-चार किलोने वाढते आणि दाब भडकतो. रक्त वाढवण्यासाठी देतात त्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शननेही काहींचा दाब चढतो. इंजेक्शन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले काही आठवडे दाब रोज लिहून ठेवावा. क्लोनिडीनची गोळी चालू असेल तर ती संपू देऊ नका. अचानक थांबवली तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. मग एमआरआय कशाला?

सीटीचा उपयोग मुख्यतः रक्तस्राव झालेला नाही ना हे पटकन पाहण्यासाठी. प्रेसची सूज सुरुवातीला सीटीत अनेकदा दिसतच नाही. एमआरआयच्या ‘फ्लेअर’ चित्रात ती दोन्ही बाजूंना, मागे पांढरट डागांसारखी दिसते. ‘डिफ्यूजन’ चित्रावरून ते साठलेले पाणी आहे की पेशी मेल्या आहेत, हे कळते: पाणी असेल तर बरे होण्याची आशा मोठी. यासाठी बहुतेक वेळा रंगद्रव्याचे इंजेक्शन लागत नाही. मूत्रपिंड निकामी असेल तर ते देण्याआधी तंत्रज्ञाला तसे स्पष्ट सांगा. लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासणे) सगळ्यांना लागत नाही. ताप असेल, मान आखडली असेल, तर मेंदूज्वर वगळण्यासाठी करतात.

दाब एवढा जास्त असताना डॉक्टर तो लगेच नॉर्मल का करत नाहीत?

कारण तसे केल्यास पक्षाघात होऊ शकतो. चढ्या दाबाला सरावलेला मेंदू एकदम कमी दाबात उपाशी पडतो. म्हणून पहिल्या काही तासांत सरासरी दाब २० ते २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवत नाहीत. समजा दाब २२०/१३० आहे, तर पहिले उद्दिष्ट साधारण १७०/१०० असते, १२०/८० नव्हे. यासाठी लॅबेटॅलॉल किंवा निकार्डिपिन शिरेतून, थोडे थोडे, सतत दाब मोजत देतात. दमा असेल तर लॅबेटॅलॉल टाळतात. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळण्याची जुनी पद्धत मात्र सोडूनच द्यायला हवी. त्याने दाब किती कोसळेल याचा भरवसा नसतो. निफेडिपिनची गोळी गर्भवतीला गिळायला देतात ती गोष्ट वेगळी, ती उपचारातलीच आहे.

बरे व्हायला किती दिवस लागतात?

कारण लवकर दूर झाले तर डोकेदुखी आणि गोंधळ दोनचार दिवसांत ओसरतो, दृष्टी बहुतेकांची आठवडाभरात परत येते. एमआरआय स्वच्छ व्हायला त्याहून जास्त, काही आठवडे लागतात. म्हणून रुग्ण बरा वाटत असताना चित्रात डाग राहिले तर घाबरू नका. पण आपोआप बरे होते असे कोणी सांगितले तर ऐकू नका. उशीर झाला, सुजेत रक्तस्राव झाला, किंवा झटके थांबलेच नाहीत, तर कायमचे अपंगत्व येते आणि मृत्यूही होतो.

झटक्यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील?

बहुधा नाही. ही अपस्मार म्हणजे एपिलेप्सी नाही. कारण गेले की झटकेही जातात. एमआरआय सुधारला आणि पुन्हा झटका आला नाही, तर काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करतात. मूत्रपिंड अधू असेल तर लेव्हेटिरासेटामचा डोस कमी ठेवावा लागतो. पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट शक्यतो देत नाहीत, कारण गर्भाला त्यापासून धोका असतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवणे, विहिरीत किंवा नदीत पोहणे, गच्चीच्या कठड्याशी काम करणे आणि चुलीपाशी एकटीने बसणे टाळा.

पुन्हा होऊ शकते का?

थोड्या रुग्णांना होते, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार आणि न आवरणारा रक्तदाब असलेल्यांना. गरोदरपणात झाले असेल तर पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगा. बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करून धोका कमी करता येतो, पण सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केली तर फायदा घटतो. रोजच्या वापरातले एक: खोकल्यासाठी जेष्ठमध नियमित चघळू नका. त्याने शरीरात मीठ साठते, पोटॅशियम उतरते आणि दाब वाढतो.

घरी बीपी नीट कसा मोजायचा?

दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र घ्या; मनगटावरचे नको. लघवी करून या, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून आणि पावले जमिनीला लावून पाच मिनिटे बसा. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा जास्त येतो. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर कधीही मोजू नका.

दाब १८०/१२० च्या वर असेल आणि त्रास काहीच नसेल, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गर्भवती किंवा बाळंतिणीला हा नियम लागू नाही. तिला १६०/११० लाच, त्रास नसला तरी, लगेच रुग्णालयात न्या. डोकेदुखी, दृष्टीत बदल, गोंधळ यांपैकी काही असेल तर मात्र कोणत्याही आकड्याला, लगेच.

रुग्णालयात जाताना काय न्यायचे, काय सांगायचे?

चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे, नुसती यादी नव्हे. काढे, चूर्णे, वेदनाशामक गोळ्या यांसकट. मागच्या काही महिन्यांतले बीपीचे आकडे, क्रिएटिनिनचा शेवटचा अहवाल, गर्भवतीचे माता-बाल संरक्षण कार्ड, प्रत्यारोपणाची फाइल, केमोथेरपीच्या शेवटच्या पाळीची तारीख. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ असेल तर दाखवा, त्यातून डॉक्टरांना बरेच कळते. आणि अपघात विभागात पहिल्याच वाक्यात सांगा: “डोकं दुखतंय, दिसत नाहीये, बीपी नेहमी इतका असतो, आत्ता इतका आहे. प्रेस असू शकेल का?”